मदत हवी आहे: सांतियागोच्या आसपासची छोटी गावे

नमस्कार. सप्टेंबरअखेरीस मी आणि पत्नी स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री जाणार आहोत. तेथील कॅथीड्रल आणि जुने शहर पाहून झाल्यावर उरलेला वेळ आजूबाजूच्या लहान गावांत निवांत घालवावा, असा विचार आहे.

पाद्रोन हे गाव रेल्वेमार्गावर असल्याने तेथे जाण्याची चिंता नाही. ज्यांची समाधी सांतियागोच्या कॅथीड्रलमध्ये असल्याचे मानतात, त्या संत याकोबाचा देह घेऊन आलेली नाव जिला बांधली होती असे मानतात, ती शिळा तेथील चर्चमध्ये वेदीखाली ठेवलेली आहे. माझे खरे आकर्षण मात्र कोंबारो हे गाव आहे. खाडीच्या अगदी काठावर ओळीने उभी असलेली धान्याची दगडी कोठारे, ओल लागू नये म्हणून खांबांवर उचललेली आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर आडवा चपटा दगड बसवलेला, ही रचना मला सावकाश पाहायची आहे.

कोंबारोसाठी पोंतेवेद्रा या त्याच्या जवळच्या शहरात मुक्काम करणे सोयीचे ठरेल, की सांतियागोहूनच सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे? नोया आणि मुरोस येथे रेल्वे जात नाही. तेथे रविवारी बस पुरेशा असतात का? मुशिया आणि फिस्तेरा या पश्चिम समुद्रकिनाऱ्यावरील गावांपैकी एकच निवडायचे झाल्यास आपण कोणते निवडाल? (सूर्यास्ताच्या वेळची गर्दी आम्हाला नको आहे.) भाड्याची मोटार हा शेवटचा पर्याय आहे, कारण अरुंद गल्ल्यांत उजव्या बाजूने गाडी हाकण्याचा धीर होत नाही. स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.