आमदाराकडे नेमकं कुठलं काम घेऊन जायचं असतं?

बांधावरचा
मंडळी एक प्रश्न आहे, पक्ष कुठला ते सांगत नाही म्हणजे भांडणं नकोत. आमच्या वस्तीवर जायचा रस्ता साधारण दीड किलोमीटर, वीसेक घरं आहेत, पावसाळ्यात ट्रॅक्टरपण फसतो, मागच्या जुलैत आईला खाटेवर घालून डांबरीपर्यंत आणलं तेव्हा गाडी मिळाली. आमदारांना ३ वेळा निवेदन दिलं. तिन्ही वेळा फोटो काढला, तिन्ही वेळा "बघतो, पीएकडे द्या".

आता गंमत अशी की माणूस वाईट आहे असंही म्हणवत नाही. चुलत्यांच्या दहाव्याला स्वतः आले, अर्धा तास खाली सतरंजीवर बसले. पुतणीच्या लग्नाला आले ते अक्षता पडेपर्यंत थांबले. गावात एक गट म्हणतो साहेब सुखदुःखात येतात अजून काय पाहिजे, दुसरा म्हणतो लग्नाला यायला आमदार कशाला लागतो, पाहुणे काय कमी आहेत का. मी मधल्यामधे. तर आमदाराचं काम नक्की काय असतं आणि माझा रस्ता त्यात बसतो का?

कट्टेकरी
बसतो की. फ्लेक्सवर बसतो. "वस्ती रस्ता मंजूर, साहेबांचे हार्दिक आभार."

माजी_पीए
कट्टेकरी, हसलो, पण त्यांना खरं उत्तर देतो. मी साडेचार वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात होतो (नाव विचारू नका). सकाळी आठला दरबार भरायचा. दहा माणसं आली तर त्यातली सात अशी कामं घेऊन यायची की ज्यात आमदाराच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नसतं. विजेचा डीपी जळाला, बदली करा, पोरग्याला सोडवायला पोलिस स्टेशनला फोन लावा, दवाखान्याचं बिल कमी करा. गटार तुंबलं म्हणून आलेले पण बघितलेत, आणि साहेब त्यांना "हे ग्रामपंचायतीचं काम आहे" असं कधीच म्हणायचे नाहीत कारण तसं म्हटलं की माणूस तुटतो. मग मी ग्रामसेवकाला फोन करायचा. लोक खूश, ग्रामसेवक वैतागलेला, सरपंच नाराज.

आता पैशाचं. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. मोठा आकडा वाटतो, पण ग्रामीण मतदारसंघात शंभरावर गावं सहज असतात, म्हणजे गावाला वर्षाचे पाचेक लाख धरा, त्यात सभामंडप मागणारे वेगळे, व्यायामशाळा मागणारे वेगळे. आणि हा पैसा आमदाराच्या खिशात नसतो. ते फक्त काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, फाईल जिल्हा नियोजनकडून फिरते, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, आणि मध्येच आचारसंहिता लागली की सगळं जागेवर. खासगी जागेत काम होतच नाही.

त्याशिवाय ग्रामविकास खात्याचा "पंचवीस पंधरा" असतो, म्हणजे २५१५ हे लेखाशीर्ष (बजेटमधला हेड), त्यातून गावांना मूलभूत सुविधांची कामं मिळतात, आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो जिथे पालकमंत्री अध्यक्ष. खरा आमदार ओळखायचा तर इथे. स्वतःचे ५ कोटी सगळ्यांनाच मिळतात हो, बाकीच्या हेडमधून किती ओढून आणले ते बघा.

आता तुमचं निवेदन का मेलं ते सांगतो, मी अशी शेकड्यांनी फाईलला लावलीत. "मौजे अमुक येथील वस्तीचा रस्ता व्हावा ही नम्र विनंती" आणि खाली पन्नास सह्या. बास. रस्ता कुठून कुठे ते नाही, कुणाच्या मालकीचा ते नाही, त्याला नंबर आहे का ते नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. नंबरच नसेल तर इंजिनियर पहिल्या मिनिटाला कागद बाजूला ठेवतो, आमदार कुणीही असो.

सातबारा_उतारा
वरचं सगळं बरोबर, पण बांधावरचा भाऊ, मला वेगळाच वास येतोय. वस्तीचा रस्ता म्हणजे पाणंद (शेतांमधून जाणारी जुनी वाट) असणार, आणि पाणंद असेल तर कुणीतरी नांगरून अरुंद केलेली असणार. खरं सांगा.

बांधावरचा
खरंय. सुरुवातीला दोन्हीकडून खाल्लीय. एका बाजूला भावकीच आहे म्हणून तोंड उघडत नाही कुणी.

सातबारा_उतारा
मग हे आमदाराचं काम नाहीच, निदान पहिलं तरी नाही. ज्यांनी रस्ता खाल्लाय त्यांचीही मतं आमदारांना हवीच ना, ते कशाला मधे पडतील, ते "बघतो"च म्हणणार. आधी भूमी अभिलेख ऑफिसातून गाव नकाशाची नक्कल काढा. नकाशात दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. नकाशावरचा रस्ता असेल तर अतिक्रमण काढायला तहसीलदाराकडे अर्ज करा. नकाशात नसेल पण वर्षानुवर्षं वहिवाट होती आणि आता अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, फक्त अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत जायचं, इथेच लोक मार खातात कारण ते सहा महिने निवेदनं देण्यात घालवतात. आणि रस्ता मुळात नव्हताच, बांधावरून नवीन पाहिजे, तर महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. तिन्हीचा निर्णय तहसीलदाराकडे. रस्ता मोकळा झाला की मग मातोश्री पाणंदसारखी शेतरस्त्यांची सरकारी योजना, आमदार निधी, जे काय ते. आधी जागा मग खडी, खडी आधी मागितली की असंच होतं.

नळावरची_ताई
तुम्ही सगळे रस्ता, निधी, टेंडर यावरच बोलताय. आमदार हा विधानसभेत बसायला निवडून दिलेला असतो हे कुणाला आठवतंय का? २८८ जण आहेत, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) विचारायचे, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावायची, कायदा येतो तेव्हा वाचून बोलायचं, हे त्यांचं काम. विधानमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या याद्या असतात, मी आमच्यांचं नाव एकदा दुपारभर शोधत बसले होते. सापडलं. दुसऱ्या कुणाच्यातरी प्रश्नाखाली, सहीपुरतं.

रोजगार हमीचंच घ्या ना. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला आधी प्रयोग करून बघितला, पुढे १९७७ ला राज्याचा कायदा झाला, आणि देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. आता बांधावरचा यांना सांगितली ती मातोश्री पाणंद कशातून सुरू झाली? रोजगार हमीतूनच. म्हणजे सभागृहातलं काम फिरून तुमच्या वस्तीवर येतंच, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही.

दवाखान्याचं पण सांगून टाकते, माझ्या मावशीच्या वेळी आम्ही आमदाराच्या पत्रासाठी दोन दिवस हेलपाटे घातले आणि नंतर कळलं की धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतातच, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, पत्र नाही. पत्राने फक्त समोरचा माणूस खुर्चीतून उठतो.

कट्टेकरी
ताई तो उठतो तेच महत्त्वाचं आहे ना पण! दाखला घेऊन गेलं तर म्हणतात खाट शिल्लक नाही. पत्र नेलं की खाट उगवते. म्हणून तर लोक दारात उभे राहतात. व्यवस्था नीट चालली तर निम्म्या आमदारांचा दरबार ओस पडेल, मग ती नीट चालावी असं त्यांना का वाटेल?

माजी_पीए
कटू आहे पण हे मला तेव्हाही वाटायचं. साहेबांना एकदा बोललो होतो की हे दाखल्यांचे नियम बाहेर मोठ्या बोर्डवर लावू, लोकांचा हेलपाटा वाचेल. म्हणाले लाव. लावला. दोन महिन्यांनी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आला 🙂

जुना_वाचक
सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव कसं कुणी काढलं नाही अजून? शेकापचे, पहिल्यांदा १९६२ ला आणि एकूण ११ वेळा निवडून आले, एसटीने फिरायचे. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते त्यावर खरा आमदार बसलेला बघायचं भाग्य फार थोड्यांना लाभलं.

सातबारा_उतारा
काका, गणपतराव आबासाहेबांबद्दल आदर आहेच, पण एसटीचं कौतुक सगळे सांगतात आणि दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी त्यांनी किती वर्षं सभागृहात आणि रस्त्यावर भांडण केलं ते कुणी सांगत नाही. साधेपणा परत दहाव्याला येण्यासारखाच झाला, दिसतो म्हणून लक्षात राहतो. आणि ते १९७२ ला आणि १९९५ ला पडलेही होते, म्हणजे चांगल्या माणसालाही लोक घरी बसवतात.

माजी_पीए
दहाव्याला येणं अगदीच फुकट म्हणू नका. लोक तिथेच कानात सांगतात. आमच्या साहेबांना एका गावची शाळा पडायला आलीय हे मयतीतच कळलं होतं, अधिकाऱ्याने कधी सांगितलं नसतं. फक्त गाडीत बसल्यावर ते वहीत लिहून घेणारा कुणीतरी पाहिजे. लिहिलं नाही तर मग ती नुसती हजेरी.

बांधावरचा
उशिरा लिहितोय, माफ करा. नक्कल काढली. तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) समजावून सांगितलं. गावापासून ओढ्यापर्यंत दुहेरी तुटक रेषा आहे, म्हणजे गाडीमार्ग आणि भावकीने खाल्लाय तो हाच भाग. ओढ्याच्या पुढे वस्तीपर्यंत नकाशात काहीच नाही, तिथे आम्ही बांधावरून जातो, अडवत कुणी नाही पण गाडी जाईल एवढी रुंदी नाही. आता?

सातबारा_उतारा
दोन वेगळे अर्ज. ओढ्यापर्यंत अतिक्रमण काढण्याचा, ओढ्यापुढे कलम १४३ चा, त्यात ज्या गटांच्या बांधावरून जायचं ते सगळे शेतकरी सामनेवाले करा, एक जरी राहिला तरी तो नंतर अपिलात जाईल. दोन्ही एकात मिसळू नका. आणि पोच घ्या, आवक नंबर असलेली. महिनाभरात हालचाल नाही झाली तर अर्जाचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत.

माजी_पीए
आणि त्या पोचेची झेरॉक्स पीएकडे द्या. निवेदन नको. "तहसीलदारांकडे अमुक तारखेचा अमुक नंबरचा अर्ज आहे, सुनावणीची तारीख लावायला सांगा" एवढी एकच ओळ. असा फोन पीए दोन मिनिटात करतो, त्यात कुणाचं मत जात नाही, तारीखच तर मागायचीय.

बांधावरचा
ठीक, सोमवारी अर्ज देतो. पुढच्या रविवारी गावात साखरपुडा आहे, साहेब येणारेत. तिथेच पीएला गाठतो झेरॉक्स घेऊन.

कट्टेकरी
फोटो काढू नका फक्त.