नवीन कार्ड घेतलं आणि सिबिल उतरला (विश्रामबाग, सांगली : सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*सी-१०२ :* नमस्कार मंडळी. एक शंका आहे. दोन महिन्यांत दोन क्रेडिट कार्डं मंजूर झाली. एकही बिल चुकलेलं नाही, तरी सिबिल स्कोअर (कर्ज-बिलं फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा आकडा) ७८१ वरून ७५६ वर आलाय. दिवाळीनंतर होम लोनची फाईल टाकायची आहे. नवीन कार्ड आत्ताच बंद करून टाकू का?

*ए-३०४ :* घाई करू नका. कार्ड घाबरून बंद करणं हीच लोकांची सगळ्यात मोठी चूक असते. बंद केल्यावर लिमिट जातं, पण ते कार्ड घेताना झालेली चौकशीची नोंद तशीच राहते. म्हणजे तोटा राहिला आणि फायदा गेला. सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

*सी-१०२ :* हो काका, सावकाश लिहा.

*ए-३०४ :* नवीन कार्डाने स्कोअर उतरतो तेव्हा एकाच वेळी दोन-तीन गोष्टी झालेल्या असतात.

आधी चौकशी, म्हणजे एन्क्वायरी. अर्ज केला की बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जा-कार्डांची नोंद, मागवते आणि त्या रिपोर्टात बँकेचं नाव, तारीख, कशासाठी आणि किती रकमेसाठी हे सगळं उमटतं. एका एन्क्वायरीने थोडेच पॉईंट जातात. पण दोन-तीन महिन्यांत चार-पाच झाल्या की हा माणूस पैशाच्या अडचणीत आहे का, असं समोरच्या बँकेला वाटतं. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितला तर मात्र एक पॉईंटही जात नाही, रोज बघा.

मग खात्यांचं वय. समजा जुनं कार्ड ८ वर्षांचं आणि गाडीचं लोन ४ वर्षांचं. सरासरी ६ वर्षं. त्यात दोन कोरी कार्डं आली की १२ वर्षं भागिले ४ खाती, सरासरी एकदम ३ वर्षांवर. सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत, पण परिणाम याच दिशेने होतो. यावर औषध फक्त वेळ आहे. सहा महिने नवीन काही घेतलं नाही तर तीच सरासरी साडेतीन वर्षांवर जाते.

*बी-२०१ :* काका, तुम्ही पुढचं लिहिताय तोवर मी मधे एक विचारते. सी-१०२, ७८१ आणि ७५६ हे दोन्ही आकडे एकाच ठिकाणी पाहिलेत का?

*सी-१०२ :* ७८१ बँकेने सांगितला होता. ७५६ पेमेंट ॲपवर दिसला.

*बी-२०१ :* मग आधी तेच तपासा. आपल्याकडे स्कोअर देणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. चौघींचं सूत्र वेगळं, त्यामुळे एकाच माणसाचे एकाच दिवशी चार आकडे येतात. आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, तिथे घोटाळा होतो. ॲपवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं ते वाचा. एका कंपनीचा जुना आकडा आणि दुसरीचा नवा आकडा यांची तुलना होत नाही.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे १ जानेवारी २०१७ पासून आहे. सिबिलच्या साईटवर पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल टाका, ओटीपी येतो. नुसता आकडा बघू नका, पूर्ण रिपोर्टची पीडीएफ उतरवून घ्या. सबस्क्रिप्शन विकत घ्यायची गरज नाही, ते पान पुढे सरकवा.

*सी-१०२ :* बघितलं ताई. ॲपवर खाली एक्सपेरियन लिहिलंय!

*बी-२०१ :* म्हणजे २५ पॉईंट खरोखर पडलेत की नाही हेच अजून नक्की नाही. सिबिलचा रिपोर्ट काढल्याशिवाय काहीही करू नका.

*ए-३०४ :* ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आता लिमिटच्या वापराकडे येतो, कारण खरा खेळ इथे आहे आणि हे लगेच सुधारताही येतं.

जुन्या कार्डाचं लिमिट ६०,००० आणि महिन्याला २४,००० चा खर्च असेल तर वापर ४० टक्के. नवीन कार्डाचं लिमिट १,४०,००० आलं तर एकूण लिमिट २ लाख, आणि तोच २४,००० चा खर्च आता फक्त १२ टक्के. म्हणजे नवीन कार्डाने खरं तर स्कोअरला मदतच व्हायला हवी. ती होत नाही, कारण कार्ड हातात आलं की लोक त्यावर पहिली मोठी खरेदी करतात. ४५,००० चा फ्रिज नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला की पूर्ण ४५,००० चं लिमिट पहिल्या दिवशीच अडकतं आणि ९ हप्त्यांत ५-५ हजारांनी सुटतं. मग हिशेब होतो ६९,००० भागिले २ लाख, साडेचौतीस टक्के.

वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, असा सगळीकडे सल्ला देतात. होम लोनच्या आधीचे तीन-चार महिने मी तर १० च्या आसपास ठेवा म्हणेन. आणि एकूण वापर कमी असला तरी एखादं कार्ड एकटंच ८०-९० टक्के भरलेलं नको, तेही वेगळं दिसतं.

*डी-४०२ :* पण बिल तर आम्ही दर महिन्याला पूर्ण भरतो. मग वापर दिसायचा प्रश्नच कुठे येतो?

*ए-३०४ :* दिसतो. तुम्ही ड्यू डेटला, म्हणजे बिलाच्या शेवटच्या तारखेला भरता, बँक त्याच्या आधीच माहिती पाठवून मोकळी झालेली असते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती या कंपन्यांना कळवायची आहे. समजा स्टेटमेंट १८ ला निघतं आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याची ७ आहे. तर १८ ला बनलेलं ५०,००० चं बिल महिनाअखेरीला तसंच उभं असतं आणि तेच जातं. तुम्ही ७ ला पूर्ण भरलं, व्याज शून्य, दंड शून्य, पण रिपोर्टात ५०,००० लिहून झाले.

उपाय सोपा आहे. स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधी ॲपमधून मोठा भाग भरून टाका, १-२ हजार बिलात येऊ द्या. आणि ड्यू डेटच्या दिवशी बिलाची बाकी शून्य आहे ना, हे एकदा उघडून बघा.

*डी-४०२ :* हे कुणी सांगितलंच नव्हतं. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातली पोती, हमाली, गाडीचं डिझेल सगळं घरच्या कार्डावरच जातं.

*बी-२०१ :* दादा, तेच बंद करा. धंद्याचा खर्च वैयक्तिक कार्डावर गेला की वापर फुगतो, आणि वर्षाअखेरीला हिशेब वेगळा काढताना जीव जातो तो वेगळाच. त्यासाठी फर्मच्या खात्याची सोय घ्या.

*ए-१०१ (सचिव) :* माझ्या पुतण्याने एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात म्हणतात, स्कोअरचे ३५ टक्के हप्त्यांवर, ३० टक्के वापरावर, आणि एकाच लोनसाठी ठरावीक दिवसांत कितीही बँकांत अर्ज केले तरी एकच एन्क्वायरी धरतात. हे खरं आहे का?

*ए-३०४ :* ते अमेरिकेतल्या फायको स्कोअरचं गणित आहे. तिथे ते बरोबर असेल, सांगलीत त्यावर विसंबून पाच बँकांत फाईल टाकू नका. आपल्या रिपोर्टात पाचही चौकश्या पाच ओळींत स्वतंत्र दिसतात.

आणि हे नकळतही होतं. शोरूममध्ये हप्त्यावर टीव्ही घ्यायला गेलं की काउंटरवरचा मुलगा पॅन आणि ओटीपी घेतो. एका फायनान्स कंपनीने नाही म्हटलं की दुसरीकडे टाकतो, मग तिसरीकडे. गिऱ्हाईकाला वाटतं एकच अर्ज झाला. होम लोनच्या एजंटचंही तेच, 'चार बँकांत टाकून ठेवतो' म्हणतात. त्यांना स्पष्ट सांगा : माझ्या होकाराशिवाय दुसरीकडे पॅन टाकायचा नाही. प्रत्येक ओटीपीच्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव असतं, ते वाचल्याशिवाय आकडा सांगू नका.

*सी-१०२ :* काका, दुसरं कार्ड अजून पाकिटातच आहे. ॲक्टिव्हेट केलेलं नाही.

*ए-३०४ :* हे चांगलं झालं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ॲक्टिव्हेट होण्याआधी नवीन कार्डाचं खातं या कंपन्यांना कळवायचं नसतं. ३० दिवसांत ॲक्टिव्हेट केलं नाही तर बँक ओटीपीने होकार विचारते. होकार दिला नाही तर ७ कामाच्या दिवसांत, एक पैसा न घेता बँकेने ते बंद करायचं. होम लोन तोंडावर आहे, तेव्हा याला होकार देऊ नका. चौकशीची ओळ राहील, पण आणखी एक कोरं खातं वाढणार नाही. पहिलं, वापरात असलेलं कार्ड मात्र ठेवा.

*बी-२०१ :* आणि त्या पहिल्या कार्डाचं पहिलं स्टेटमेंट उघडून बघा. 'मी वापरलंच नाही, मग बिल कसलं' म्हणून लोक ते बघतच नाहीत. वार्षिक फी ५०० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० चं बिल त्यात आलेलं असतं. ते तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं की लेट फी आणि थकबाकी म्हणून नोंद. ५९० रुपयांसाठी रिपोर्टात डाग. एन्क्वायरीचे पॉईंट काही महिन्यांत भरून येतात, हा डाग रिपोर्टातल्या मासिक रकान्यात, जिथे दर महिन्याची थकबाकी लिहितात, वर्षानुवर्षं दिसतो.

ऑटो डेबिट लावताना 'टोटल ड्यू' निवडा. 'मिनिमम ड्यू' वर राहिलं तर ४०,००० च्या बिलातले साधारण ५ टक्के, म्हणजे २,००० जातात आणि ३८,००० पुढे सरकतात. महिना साडेतीन टक्के दर असेल तर १,३३० व्याज, वर जीएसटी, आणि पुढच्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. वापराचा आकडाही खाली येत नाही.

*बी-५०३ :* आमच्याकडे उलटं आहे. स्कोअर पडत नाही, पण वर्षभर ७७० च्या आसपास अडकलाय. सगळं वेळेवर आहे.

*बी-२०१ :* वहिनी, तिथे पोचल्यावर वेग कमी होतोच. बँका साधारण ७५० च्या वर समाधानी असतात, त्यामुळे अडलं काही नाही. तरी रिपोर्टात दोन गोष्टी बघा. कार्डाच्या खात्यापुढे क्रेडिट लिमिटचा रकाना रिकामा किंवा जुन्या लिमिटचा तर नाही ना? बँकेने लिमिट वाढवलेलं कळवलंच नसेल तर तुमचा वापर उगाच जास्त दिसतो. दुसरं, मासिक रकान्यात '०००' म्हणजे थकबाकी नाही. 'एक्सएक्सएक्स' असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने दिलेलीच नाही. गाडीचा शेवटचा हप्ता संपल्यावरही स्कोअर कधी कधी थोडा हलतो, कारण चालू खात्यांत मग फक्त कार्डंच उरतात. त्याची काळजी करू नका.

*ए-१०१ (सचिव) :* पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलेलं यात धरतात का? आपल्या इथे निम्म्या घरांची कर्जं पतसंस्थेचीच.

*ए-३०४ :* सचिवसाहेब, चांगला प्रश्न. बँकांची कर्जं, अर्बन बँकांची, फायनान्स कंपन्यांची, सोनेतारणाची, ही सगळी रिपोर्टात येतात. बहुतेक पतसंस्थांची येत नाहीत. म्हणून वीस वर्षं चोख व्यवहार केलेल्या माणसाचा रिपोर्टही जवळजवळ कोरा निघतो. अशाने पहिल्यांदा कार्ड घेतलं की त्याला आधार द्यायला जुनं खातंच नसतं, आणि त्याचा स्कोअर जास्त हेलकावतो. त्यांनी बँकेत १५-२० हजारांची एफडी करून तिच्यावरचं कार्ड घ्यावं, दरमहा हजार-दोन हजार वापरावं, पूर्ण भरावं. एका वेळी एकच.

*सी-१०२ :* सिबिलचा रिपोर्ट काढला. स्कोअर ७६८ आहे. पण एन्क्वायरीत चार ओळी आहेत, त्यातली एक कंपनी मला माहितीच नाही.

*बी-२०१ :* सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीवर हरकत टाका, ती ओळ निवडून 'मी अर्ज केलेला नाही' असं नोंदवा. त्या कंपनीच्या तक्रार विभागालाही मेल करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही नाही जमलं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, होम लोनच्या साहेबाला दाखवायला उपयोगी पडतो.

*ए-३०४ :* ७६८ म्हणजे फाईल अडायचं कारण नाही. आता दिवाळीपर्यंत नवीन अर्ज कुठलाही नाही, शोरूमचा हप्तासुद्धा नाही. कार्डावर ईएमआय चालू असेल तर जमल्यास आधीच संपवा, कारण तो ५,००० चा हप्ता होम लोनची पात्रता काढताना बँक तुमच्या पगारातून वजा धरते. प्री-क्लोजर चार्ज किती ते आधी विचारा. तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट किती तारखेला निघतं?

*सी-१०२ :* १२ तारखेला.

*ए-३०४ :* मग दर महिन्याच्या ८ ला एकदा भरा आणि २७ ला परत एकदा. १५ चा आणि महिनाअखेरचा, दोन्ही आकडे कमी जातील.