नुसता धूर सोडून भागत नाही

कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर शरीराला काय करतो हे तपासायचं, तर कुणीतरी म्हटलंय, ‘भट्टीत कोळसा जाळा, धूर उंदरांच्या पिंजऱ्यात सोडा, झाला प्रयोग’. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! माणसाच्या नाकात चिमणीतला ताजा धूर जातच नाही. बरीचशी राख आधीच गाळली जाते आणि सुटलेला सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर जाता जाता सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो. प्रयोगशाळेत आणायचा तो हा मुरलेला धूर. हार्वर्डच्या ‘टेरेसा’ प्रकल्पात त्यासाठी अमेरिकेतल्या चालू वीजकेंद्रांच्या चिमणीतूनच वायू घेतला, विरळ केला, बंद कक्षात हायड्रॉक्सिल रॅडिकल (हवेत अशा बदलांना चालना देणारे अतिक्रियाशील रेणू) तयार करून त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल होऊ दिलं. मग कधी अमोनियाने ते उदासीन करायचं, कधी झाडांतून येणारं अल्फा-पायनीन मिसळायचं, उरलेले वायू काढून टाकायचे आणि मगच उंदरांना हुंगवायचं.

‘पुण्यात कुठे आहे औष्णिक केंद्र, मग आपल्याला काय?’ हा प्रश्नही गैरलागू. हे कण शेकडो किलोमीटर जातात. (आपल्याकडे वाहनांचा धूर आहेच, तो वेगळा.) मात्र आपल्या कोळशात राख बहुधा ३०-४५ टक्के आणि गंधक कमी, त्यामुळे तिकडचे निष्कर्ष चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांना जसेच्या तसे चिकटवू नका.