आई-बाबांना सिएटलचं केरी पार्क दाखवायला न्यावं का?

रेडमंडकर:
ऑगस्टमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच येतायत पुण्याहून. जो भेटतो तो सांगतो केरी पार्कला नेच, तिथून अख्खं शहर दिसतं, पण मॅपवर बघितलं तर जेमतेम सव्वा एकर जागा आहे, तेवढ्यासाठी रेडमंडहून पूल ओलांडून सिएटलच्या क्वीन ॲन टेकडीवर जायचं का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने नकोत. आईला चित्रकलेची आवड आहे. तिथे फोटोंमध्ये स्टीलचं एक मोठं शिल्प दिसतं ते काय आहे कोणाला माहितीये का?

मीनल_क्वीनॲन:
नक्की न्या हो. बाबांची काळजी नको, बघायची जागा रस्त्याला लागूनच आहे, हायलंड ड्राइव्हवर गाडीतून उतरलं की समोर कठडा आणि बसायला बाकं. जिने आहेत ते खालच्या प्लेग्राउंडकडे उतरणारे, तिकडे जायची गरजच नाही. पार्किंग मात्र रस्त्यावरच शोधावं लागतं आणि टॉयलेट नाही, ते आधी उरकून घ्या. क्वीन ॲन ॲव्हेन्यूचा चढ खूप खडा आहे, तिथे पूर्वी ट्राम वर चढवायला रस्त्याखालच्या बोगद्यात वजनाची गाडी ठेवलेली असायची, ती खाली गेली की ट्राम वर ओढली जायची, 1940 पर्यंत चाललं हे. बाबांना सांगा, त्यांना आवडेल.

अनिकेत_बी:
माझं मत वेगळं आहे. 10 मिनिटांत बघून होतं, वीकेंडला सूर्यास्ताच्या वेळी कठड्याला ट्रायपॉडची रांग असते, म्हाताऱ्या माणसांना पुढे जागा मिळत नाही. त्यापेक्षा गॅस वर्क्स पार्क, तिथे लेक युनियनच्या काठाला गवतावर निवांत बसता येतं.

रंगरेषा:
अनिकेत, गर्दीचं खरंय, म्हणून वीकडेला जावं. पण 10 मिनिटांत बघून होतं हे पटत नाही. ते शिल्प डोरिस चेस यांचं आहे, ‘चेंजिंग फॉर्म’, 1971 चं, साधारण 15 फूट उंच. एकावर एक ठेवलेले स्टीलचे दोन आकार आणि त्यांना आरपार मोठी गोल भोकं. लोक त्याच्याकडे पाठ करून स्पेस नीडल या उंच मनोऱ्याचा फोटो काढतात आणि निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मागे जाऊन त्या गोलातून शहराकडे बघा, दोन पावलं सरकलं की एक बिल्डिंग आत येते, दुसरी बाहेर जाते. चेस नृत्यासाठीही शिल्पं करायच्या, नर्तक त्यांच्या आत शिरून ती हलवायचे, त्यामुळे पोरं त्या भोकांत चढून बसतात ते मला तरी अगदी योग्य वाटतं. तुमच्या आईंना स्केचबुक घेऊन यायला सांगा. आणि ही जमीन केरी दांपत्याने 1927 मध्ये शहराला दिली, इथे थांबणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य बघता यावं म्हणून, तशी पाटीच आहे. आजूबाजूला बंगले बघाल तर कळेल की ही जागा विकली असती तर आज इथे एखाद्या घराची गॅलरी असती आणि आपल्याला रस्त्यावरून काहीच दिसलं नसतं!

रेडमंडकर:
वा, मनापासून आभार. जायचं ठरलं. सकाळी जाऊ की संध्याकाळी? आणि माउंट रेनियर दिसेल ना?

मीनल_क्वीनॲन:
संध्याकाळीच. रेनियर आग्नेयेला आहे, त्यामुळे सकाळी उन्हासमोर फिकट दिसतो आणि संध्याकाळी बर्फावर ऊन पडतं. ऑगस्टमध्ये आकाश बहुतेक मोकळं असतं पण वणव्यांचा धूर आला तर 4392 मीटरचा डोंगर अख्खा गायब होतो, म्हणून निघण्याआधी रेडमंडमधूनच दिसतोय का बघा. बाबांना दाखवा, नीडल सगळ्यात उंच वाटते कारण ती आपल्या जवळ आहे, मागची काळी 76 मजली कोलंबिया सेंटर तिच्याहून खूप उंच आहे.

रंगरेषा:
अजून एक, सूर्य मावळताना बघायचा असेल तर हायलंड ड्राइव्हच्याच पश्चिम टोकाला मार्शल पार्क आहे, बेटी बोवेन व्ह्यूपॉइंट म्हणतात. तिथून प्युजेट साउंडची खाडी आणि ऑलिंपिक पर्वत दिसतात, जमिनीतल्या काँक्रीटमध्ये इथल्या चित्रकारांची कामं आहेत, आईंना तेही दाखवा. गर्दी बरीच कमी असते. गाडीने दोन मिनिटं, बाबांना चालवू नका.