युडोरा वेल्टीच्या कथांवर एकपात्री: कथा, बोली, परवानगी?

तिसरी_घंटा:
अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या लेखिका युडोरा वेल्टी यांच्या कथा मराठीत एकपात्री करायच्या आहेत. एक अभिनेत्री, तासभर, नेपथ्य जवळपास नाही. कोणत्या घ्याव्यात? तिथल्या बोलीसाठी मालवणी किंवा वऱ्हाडी चालेल का?

विंगेतून:
'व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.' (१९४१) घ्याच. कथा मुळातच बोललेली आहे. चायना ग्रोव्हची पोस्टमास्तरीण 'सिस्टर' घरच्यांशी भांडून पोस्टात राहायला गेलीय, आणि सगळा दोष धाकट्या बहिणीचा, स्टेला-रोंडोचा, हे पटवून देतेय. नात्यांत मराठी फायद्यात आहे: अंकल रोंडो आईचा भाऊ, म्हणजे सरळ रोंडोमामा. 'अंकल' ठेवलंत तर प्रेक्षक बराच वेळ नातीच लावत बसेल.

मालवणी-वऱ्हाडी नको. प्रेक्षक कुडाळला नाहीतर अमरावतीला पोचतो आणि चार जुलैचे, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके उपरे वाटतात. घरगुती मराठी ठेवा, पण वाक्यं तोडू नका. एका श्वासात तीन तक्रारी यायला हव्यात.

हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या पात्रांचे वेगळे आवाज काढणं. आवाज सिस्टरचाच, बाकीच्यांच्या ती नकला करते. स्टेला-रोंडोला पूर्ण आवाज दिला की आपण हे एकट्या सिस्टरच्या तोंडून ऐकतोय हेच प्रेक्षक विसरतो, आणि तिच्यावरचा संशय संपतो. शेवटी ती पंखा, रेडिओ असं घरातून उचलून नेते, तेव्हा खऱ्या वस्तू नकोत. पंख्याचा प्लग उपटण्याची कृती स्वच्छ करा, बाकीचं शब्दांवर सोडा.

तिसरी_घंटा:
दुसरी म्हणून 'अ वॉर्न पाथ'? फिनिक्सला 'मी' म्हणून बोलतं केलं तर?

कंदील_घेऊन:
कथा उत्तम, पण 'मी' करू नका. म्हातारी फिनिक्स नातवाच्या औषधासाठी डिसेंबरात नॅचेझ शहरापर्यंत चालत जाते, आणि दवाखान्यात पोचल्यावर आपण का आलो हेच क्षणभर विसरते. तीच कथा सांगत असेल तर हे विसरणं रंगमंचावर जमणार कसं? तृतीयपुरुष ठेवा. वाटेत ती स्वतःशी बरंच बोलते, तेवढीच वाक्यं तिच्या तोंडी द्या. हातात एक काठी पुरे. निवेदन करताना ती टेकवायची नाही, फिनिक्स झाली की टेकवायची. दवाखान्यातल्या त्या शांततेत काठीचा आवाज अजिबात नको.

वेळेसाठी मिनिटाला ११० शब्द धरा, म्हणजे तासाला साडेसहा हजार. तिसरी कथा कोंबू नका.

विंगेतून:
परवानगी अनुवादाच्या आधी मागा. वेल्टी २००१ साली वारल्या, त्यामुळे भारतात हक्क २०६१ अखेरपर्यंत आहेत. अनुवादाचा आणि प्रयोगाचा हक्क वेगवेगळा असतो, पत्रात दोन्ही मागा. प्रयोगांची संख्या, आसनसंख्या आणि तिकीटदरही लिहा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावी लागेल.