मॅनहॅटनचे ऑफिस, जर्सी सिटीतले घर आणि सप्टेंबरपासून टेक्सास: २०२४ चे रिटर्न कोणत्या राज्यांत भरावे लागेल?

पाथप्रवासी:
नमस्कार. २०२४ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मी न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहत होतो आणि नोकरी न्यूयॉर्क राज्यात, मॅनहॅटनमध्ये होती. आठवड्यातले तीन दिवस पाथ रेल्वेने ऑफिसला जात असे, तर सोमवारी आणि शुक्रवारी घरूनच काम करत असे. मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला आईकडे होतो. त्यांपैकी एक आठवडा रजा घेतली आणि उरलेले दोन आठवडे तिथूनच लॅपटॉपवर काम केले. १ सप्टेंबरला नवी नोकरी धरून टेक्सासात प्लेनोला आलो. जुन्या कंपनीने एप्रिल ते जूनच्या कामाचा ८,००० डॉलर बोनस मात्र ऑक्टोबरमध्ये दिला.

आता जुन्या कंपनीचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा फॉर्म, पाहून गोंधळ उडाला आहे. चौकट १ मध्ये ८४,००० डॉलर आहेत. खाली राज्यांच्या दोन ओळी आहेत: न्यूयॉर्कपुढे ८४,०००, न्यू जर्सीपुढे ७६,०००, आणि न्यू जर्सीसाठी कापलेला कर शून्य. बेरीज केली तर पगार दीड लाखाच्या पुढे जातो, आणि रिटर्न भरायचे सॉफ्टवेअर न्यू जर्सीला अडीच हजारांहून अधिक डॉलर भरा असे सांगत आहे. एकाच पगारावर दोन राज्ये पूर्ण कर घेणार का? आणि घरून व पुण्यातून केलेल्या कामावर न्यूयॉर्कचा हक्क कसा पोहोचतो?

एडिसनकर:
त्या दोन ओळींची बेरीज करायची नसते. तोच पगार दोन राज्यांना आपापल्या नियमाने दाखवलेला असतो, आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, रिटर्नमध्ये तो चौकट १ मधून एकदाच जातो. टेक्सासात पगारावर राज्याचा आयकर नसल्याने तिथे काही भरायचे नाही. त्यामुळे आपल्याला राज्यांची दोन रिटर्न भरावी लागतील: न्यूयॉर्कचे नॉन-रेसिडेंट (तिथे न राहणारे) म्हणून आयटी-२०३ हा फॉर्म, आणि न्यू जर्सीचे एनजे-१०४०, ज्यावर आपण १ जानेवारी ते ३१ ऑगस्ट एवढ्याच काळाचे रहिवासी होतात हे तारखांसह लिहायचे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी न्यूयॉर्कचे रिटर्न पूर्ण करा आणि मगच न्यू जर्सीचे हाती घ्या, कारण न्यूयॉर्कला दिलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, न्यू जर्सी आपल्या रहिवाशांना देते आणि त्यासाठी न्यूयॉर्कचा अंतिम आकडा लागतो. त्याचे परिशिष्ट शेड्यूल एनजे-सीओजे या नावाचे आहे. सॉफ्टवेअर अडीच हजार दाखवते आहे, त्याअर्थी बहुधा ते परिशिष्ट अजून रिकामे असावे. आपल्या पगाराच्या पातळीवर न्यूयॉर्कचा कर न्यू जर्सीपेक्षा जास्त बसतो, म्हणून क्रेडिट धरल्यावर न्यू जर्सीचे देणे जवळजवळ संपते. आपल्या कंपनीने न्यू जर्सीसाठी काही कापले नाही त्याचेही कारण हेच असणार.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. क्रेडिटच्या रकान्यात मी डब्ल्यू-२ च्या चौकट १७ मधला, म्हणजे पगारातून कापलेला आकडा लिहिला होता. तिथे आयटी-२०३ वर ठरलेला प्रत्यक्ष कर लिहायचा असतो. जास्तीचे कापलेले पैसे न्यूयॉर्क परत करते, मग न्यू जर्सी त्यावर क्रेडिट कशाला देईल? आठ महिन्यांनी पत्र आले, त्यात न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत मागितली होती आणि फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागली.

डब्ल्यू-२ च्या चौकट १८ ते २० मध्ये न्यूयॉर्क शहराचा कर कापलेला दिसतो का, तेही पाहून घ्या. शहराचा आयकर फक्त शहरातल्या रहिवाशांना लागतो. तो चुकून कापला गेला असेल तर आयटी-२०३ मधूनच परत मागता येतो.

आकडेमोड:
एडिसनकरांच्या उत्तरात घरून केलेल्या कामाचा मुद्दा राहिला आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. मालक न्यूयॉर्कचा असेल आणि कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेरून काम करत असेल, तर ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचे मानले जातात. कंपनीच्या कामाच्या गरजेपोटी बाहेर राहावे लागले असेल, तरच ते वगळता येतात. आपले सोमवार-शुक्रवार या नियमात अडकतात, आणि पुण्यातले दोन आठवडेही, कारण हा नियम जागा पाहत नाही, बाहेरून काम का केले ते पाहतो. आईला भेटणे हे कंपनीचे काम नव्हे, एवढेच न्यूयॉर्क म्हणेल. अन्याय्य वाटते खरे. पण न्यू जर्सी त्या दिवसांच्या करावरही क्रेडिट देते, म्हणून खिशाला फारशी झळ पोहोचत नाही. रजेचा आठवडा कामाच्या दिवसांत मोजतच नाहीत.

बोनसमुळे ८४,००० आणि ७६,००० यांतला फरक उलगडतो. काम न्यूयॉर्कच्या नोकरीचे असल्याने त्या रकमेवर न्यूयॉर्कचा हक्क राहतो, मग आपण पैसे घेताना टेक्सासात का असेनात. न्यू जर्सीचे रहिवासी मात्र आपण तोवर राहिला नव्हता, म्हणून तिथल्या रहिवाशाच्या रिटर्नमध्ये ती रक्कम येत नाही आणि तिच्यावरच्या न्यूयॉर्कच्या कराचे क्रेडिटही तिथे मागता येणार नाही.

आणखी एक: टेक्सासच्या पगारावर न्यूयॉर्क कर लावत नाही, पण दर ठरवताना तो विचारात घेते. आधी वर्षाच्या सगळ्या उत्पन्नावर कर काढतात आणि मग न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तो घेतात. तेव्हा आयटी-२०३ च्या फेडरल रकान्यात प्लेनोचा पगार दिसला तर दचकू नका.

पाथप्रवासी:
दोघांचेही मनापासून आभार. आधी न्यूयॉर्कचे रिटर्न पूर्ण केले, तिथला अंतिम कर परिशिष्टात भरला आणि न्यू जर्सीचे देणे अडीच हजारांवरून वीसेक डॉलरवर आले. हे वीस डॉलर तरी कशाचे, हे मात्र कळत नाही.

आकडेमोड:
भारतातल्या ठेवींचे व्याज दाखवले आहे का?

पाथप्रवासी:
होय, पुण्याच्या बँकेतल्या ठेवीचे जानेवारी ते ऑगस्टचे सुमारे ६०० डॉलर.

आकडेमोड:
मग हिशेब जुळला. त्या व्याजावर न्यूयॉर्क नॉन-रेसिडेंटकडून कर घेत नाही, न्यू जर्सी आपल्या रहिवाशाकडून घेते, आणि क्रेडिट फक्त दोन्ही राज्यांत करपात्र असलेल्या उत्पन्नावरच मिळते. वीस डॉलर १५ एप्रिल २०२५ च्या मुदतीत भरून टाका.