कॅरव्हॅन ट्रेलर : गाडी ओढील, पण भार पेलेल का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. आई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशा पाच माणसांना थंडीच्या दिवसांत मांडू, महेश्वर आणि हनुवंतिया येथे मुक्कामाला जाता यावे, म्हणून गाडीमागे जोडायचा कॅरव्हॅन ट्रेलर घेण्याचा विचार आहे. गाडी सात आसनी, डिझेल, लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेली) आहे. दोन ट्रेलर पाहून ठेवले आहेत. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

पहिल्या ट्रेलरमध्ये पाचही जणांची झोपायची सोय, ओटा आणि शौचालय आहे. रिकामे वजन ११०० किलो. विक्रेता एवढेच सांगतो की तुमची गाडी दोन टन सहज ओढील, आणि त्याबद्दल मलाही शंका नाही. परंतु पत्रकात छापलेले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. ८० लिटरची पाण्याची टाकी भरली की ८० किलो तिथेच वाढतात. त्यावर गॅस, बॅटरी, गाद्या, भांडी आणि 'असू दे, लागेल' म्हणून आईने बांधलेले डबे धरले, तर माझ्या हिशेबाने आकडा १४०० किलोवर जातो.

खरी अडचण यापुढे आहे. ट्रेलर सरळ चालावा यासाठी त्याच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, यावा लागतो, म्हणजे येथे १४० ते २१० किलो, आणि हा भार गाडीच्याच भारमर्यादेत मोजला जातो. गेल्या रविवारी पाचही जण बसून, डिझेलची टाकी भरून आणि नेहमीचे सामान घेऊन मी गाडी धर्मकाट्यावर नेली. (मुलांना काट्यावरून उतरूच दिले नाही, याचे त्यांना फार नवल वाटले.) वजन भरले २३४० किलो. गाडीची कमाल मर्यादा २५१० किलो आहे. उरले १७०, त्यातून टो-बारचे (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीला मागे बसवायच्या दांड्याचे) ३० वजा केले की १४०. म्हणजे किमान भारातच मर्यादा संपते. सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवून हिचवरचा भार हलका करता येईल, असे एका परिचितांनी सुचवले. पण मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो आणि उतारावर तो आवरणे कठीण जाते, असे मी वाचले आहे, त्यामुळे हा मार्ग मला पटत नाही.

दुसरा ट्रेलर भरून ७५० किलोपर्यंत जाईल आणि हिशेबात नीट बसतो, पण त्यात दोघेच झोपू शकतात. बाकीच्यांनी तंबूत झोपायचे, आणि आईचे गुडघे पाहता तिला जमिनीवरून उठबस करायला लावणे शक्य नाही. आई आणि एक नातवंड आत, आम्ही बाहेर, असे करता येईल. तीन रात्रींनंतर ते कितपत सुखाचे राहील, हे अनुभव असलेल्यांनीच सांगावे.

पहिला ट्रेलर घेऊन पाणी मुक्कामाच्या ठिकाणीच भरले तर भागेल का? टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, यावर रिकाम्या टाकीने हिचवरचा भार घटेल की वाढेल हे ठरते ना? विक्रेत्याला टाकीची जागा विचारली, तेव्हा तो स्वतःच ट्रेलरखाली वाकून पाहू लागला.

ब्रेकविषयीही शंका आहे. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे दाबला जातो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात, अशी दोन्हींत व्यवस्था आहे. भेरूघाटासारख्या उतरणीवर ट्रेलर सतत गाडीला रेटत राहील, तेव्हा हे ब्रेक तापत नाहीत का? की १४०० किलोसाठी गाडीतून चालणारे विजेचे ब्रेकच बसवून घ्यावेत?

टो-बार जवळच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून देऊ, असे विक्रेता म्हणतो. मला तो चासीला बोल्टनेच जोडलेला हवा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने त्याची स्वतंत्र नोंदणी लागणार हे मला माहीत आहे. मात्र मध्य प्रदेशात कोणी खासगी कॅरव्हॅन ट्रेलरची नोंदणी केली असल्यास कोणती कागदपत्रे विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावीत, ते कृपया कळवावे. पैसे भरायला मला पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे.